वैमानिकांची वेतनकपात आणि अधिकाऱ्यांचे बोनस: वाद नेमका कशाचा आहे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतील विमान कंपन्या अडचणीत आल्या की वैमानिकांकडे मोठ्या सवलती मागतात. त्याच सुमारास वरिष्ठ अधिकाऱ्यांचे बोनस उघड झाले की वैमानिकांच्या संघटना खवळून उठतात. परंतु ते बोनस पूर्णपणे रद्द केले तरी एकेका वैमानिकाच्या वाट्याला नगण्य रक्कम येईल. मग हा संताप हिशेबाला धरून आहे की निव्वळ मत्सर आहे, आणि सवलतींचा प्रस्ताव समोर आला तर संघटनेने तो कसा जोखावा? मी बरीच वर्षे तेथील वैमानिक संघटनांच्या बाजूने वाटाघाटींमध्ये आर्थिक सल्लागार म्हणून काम केले आहे. त्यामुळे माझी दृष्टी टेबलाच्या एका बाजूची आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

आपला हिशेब बरोबर आहे, पण तो भलत्या प्रश्नाचे उत्तर देतो. सवलत देणारा वैमानिक खरे तर कंपनीला तारणाविना पैसे पुरवत असतो. हे पैसे परत येतील की नाही, हे कंपनी सावरते की नाही यावर आणि सावरल्यानंतर व्यवस्थापन काय करते यावर अवलंबून असते. या दोन्ही गोष्टींची आतली माहिती व्यवस्थापनाकडे असते, वैमानिकाकडे नसते. अशा वेळी अधिकाऱ्यांनी स्वतःच्या पैशांची काय व्यवस्था लावली आहे, हा त्या माहितीचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा असतो. कंपनी वाचेल असे सांगणारे लोक स्वतःचे पेन्शन मात्र दिवाळखोरीच्या न्यायालयापासून सुरक्षित अंतरावर नेऊन ठेवत असतील, तर रक्कम लहान असली तरी त्या कृतीचा अर्थ लहान नसतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकन एअरलाइन्सचे २००३ सालचे आहे. दिवाळखोरी टाळण्यासाठी कंपनीने श्रमखर्चात वर्षाला १८० कोटी डॉलरांची कपात मागितली. त्यांपैकी ६६ कोटी वैमानिकांच्या वाट्याला आले आणि त्यांचे वेतन सुमारे २३ टक्क्यांनी घटले. उरलेला मोठा भाग हवाई सेवक आणि जमिनीवरील कामगारांनी उचलला. मतदान आटोपत असतानाच, १५ एप्रिल रोजी दाखल झालेल्या वार्षिक अहवालातून दोन गोष्टी बाहेर आल्या. मोजक्या सर्वोच्च अधिकाऱ्यांना कंपनीत टिकून राहण्यासाठी मूळ वेतनाच्या दुप्पट बोनस द्यायचे ठरले होते, आणि ४५ अधिकाऱ्यांच्या पेन्शनसाठी स्वतंत्र विश्वस्त निधीत ४.१ कोटी डॉलर आधीच भरले गेले होते. बोनस मागे घेतले गेले, माफी मागितली गेली, तरीही मुख्य कार्यकारी अधिकारी डॉन कार्टी यांना २४ एप्रिलला पद सोडावे लागले. संघटनांनी करार वाचवला, पण त्याची मुदत सहा वर्षांवरून पाचवर आणून घेतली.

४.१ कोटी म्हणजे १८० कोटींच्या जेमतेम सव्वादोन टक्के, आणि तीही एकदाच भरलेली रक्कम. तिने कंपनी तरली नसती आणि बुडालीही नसती. परंतु ज्या पानावर वैमानिकांनी मत दिले त्या पानावर ही रक्कम नव्हती. माझ्या मते त्या प्रकरणातला खरा दोष हा होता. मतदाराला निर्णयासाठी लागणारी माहिती निर्णयानंतर मिळाली, आणि पुढची अनेक वर्षे व्यवस्थापनाचा प्रत्येक आकडा, अगदी खरा असलेलाही, संशयाने पाहिला गेला. वाटाघाटींच्या खोलीत याची किंमत फार मोठी असते. ज्या मुद्द्यावर एका बैठकीत एकमत व्हावे, त्यासाठी लेखापरीक्षक बोलवावे लागतात.

आता वैमानिकाच्या धंद्यातील एक गोष्ट, जी बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांत सर्व काही सेवाज्येष्ठतेच्या यादीवर चालते: कोणते विमान, कोणती जागा, कोणते मार्ग, कोणती सुटी आणि अर्थात वेतनाचा दर. ही यादी कंपनीपुरतीच असते. वीस वर्षे सेवा झालेला कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला, तर तो तेथे यादीच्या तळाशी, कनिष्ठ सहवैमानिक म्हणून आणि पहिल्या वर्षाच्या दराने रुजू होतो. त्यामुळे स्वतःची कंपनी अडचणीत असताना त्याच्याकडे निघून जाण्याचा व्यवहार्य पर्याय उरत नाही. अधिकाऱ्यांना बोनस देताना मात्र नेमका उलटा युक्तिवाद होतो की त्यांना बाजारात मागणी आहे आणि पैसे दिले नाहीत तर ते सोडून जातील. दोन्ही विधाने वस्तुस्थिती म्हणून खरी असू शकतात. एकत्र वाचली की त्यांचा अर्थ असा निघतो की ज्याला जाता येते त्याला राहण्याचे पैसे मिळतात, आणि ज्याला जाता येत नाही त्याच्याकडून राहण्याचे पैसे घेतले जातात. मत्सराचा आरोप करण्यापूर्वी हे वाक्य त्या कॅप्टनच्या जागी बसून वाचून पाहावे, अशी माझी आपल्याला विनंती आहे.

शिवाय ‘२३ टक्के’ हा आकडा प्रत्यक्ष नुकसान कमीच दाखवतो. सवलतींमध्ये वेतनाच्या दराबरोबर कामाचे नियमही बदलतात: महिन्याचे उड्डाण तास वाढतात, सुट्यांचा हिशेब बदलतो, प्रशिक्षणाच्या दिवसांचे वेतन घटते. तेच काम कमी वैमानिकांत होऊ लागले की यादीच्या तळातले लोक कामावरून दूर होतात, आणि त्यांच्या वरच्यांची एकेक पायरीने घसरण होते. कॅप्टनचा सहवैमानिक झालेल्या माणसावर दरातील कपात आणि पदातील घसरण हे दोन्ही घाव एकत्र पडतात. त्याच्या घरचे उत्पन्न २३ टक्क्यांनी कमी होऊन थांबत नाही.

पेन्शनच्या बाबतीत तर हा भेद आणखी उघडा पडला. युनायटेड एअरलाइन्सने डिसेंबर २००२ मध्ये दिवाळखोरीचे संरक्षण घेतले (म्हणजे न्यायालयाच्या देखरेखीखाली कंपनी चालू ठेवून देणी आणि करार नव्याने ठरवण्याची सोय) आणि २००५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या पेन्शन योजना संपुष्टात आणल्या. योजनांतील तूट सुमारे ९८० कोटी डॉलरांची होती, आणि त्यांपैकी सुमारे ६६० कोटींचा भार सरकारी पेन्शन हमी महामंडळावर गेला. उरलेले नुकसान कर्मचाऱ्यांनी आणि निवृत्तांनी सोसले. महामंडळाच्या हमीला कमाल मर्यादा आहे. २००५ साली ती पासष्टाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यासाठी वर्षाला ४५,६१४ डॉलर होती, आणि त्याआधी निवृत्त होणाऱ्यासाठी ती घटत जाते. वैमानिकांना तेव्हा कायद्याने साठाव्या वर्षी उड्डाण थांबवावे लागे, म्हणून त्यांना मर्यादा लागू झाली ती २९,६४९ डॉलरांची. एक सरकारी नियम म्हणतो की साठाव्या वर्षी थांबा, दुसरा म्हणतो की लवकर थांबलात म्हणून कमी घ्या. याच काळात मुख्य कार्यकारी अधिकारी ग्लेन टिल्टन यांच्यासाठी आधीच्या नोकरीतील लाभांच्या बदल्यात ठेवलेला ४५ लाख डॉलरांचा निधी मात्र अबाधित राहिला. तो कायदेशीर होता, कराराने ठरलेला होता, आणि टिल्टन यांच्या दृष्टीने तो त्यांनी आधीच कमावलेला पैसा होता. वैमानिकांचे म्हणणे इतकेच होते की आमचे पेन्शनही आम्ही आधीच कमावलेले होते.

जानेवारी २००९ मध्ये हडसन नदीवर विमान उतरवून सर्वांचे प्राण वाचवणारे यूएस एअरवेजचे कॅप्टन सुलेनबर्गर यांनी पुढच्याच महिन्यात अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. आपले वेतन ४० टक्क्यांनी कापले गेले आणि पेन्शन योजना रद्द झाली, हे त्यांनी तेथे सांगितले. साऱ्या देशाचे लक्ष आपल्याकडे असताना त्यांना हाच विषय मांडावासा वाटला. यावरून ही जखम किती खोल होती याचा अंदाज यावा.

व्यवस्थापनाची बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. अधिकाऱ्यांच्या मोबदल्याचा मोठा भाग शेअरच्या रूपात असतो, आणि शेअर शून्यावर गेला तर तो भागही शून्य होतो. अमेरिकन एअरलाइन्सने २००३ मध्ये कर्मचाऱ्यांनाही ५ डॉलर या दराने शेअर घेण्याचे हक्क दिले होते, आणि पुढे भाव चढल्यावर ज्यांनी ते राखून ठेवले होते त्यांना चांगला फायदा झाला. तरीही २००६ आणि २००७ मध्ये शेअरच्या कामगिरीशी जोडलेले मोठे मोबदले व्यवस्थापनाला मिळाले (२००७ चा एकूण आकडा १६ कोटी डॉलरांच्या वर गेला) तेव्हा पुन्हा भडका उडाला. कंपनीचे म्हणणे होते की योजना पूर्वीचीच आहे, तीत ठरल्याप्रमाणे पैसे दिले. हे खरे होते. परंतु वैमानिकांना शेअरचे हक्क एकदाच मिळाले होते, आणि त्यांचे वेतन मात्र दरमहा कापलेलेच होते. अधिकाऱ्यांची योजना दरवर्षी नव्याने सुरू होत होती. दोघांनाही शेअर दिले म्हणजे दोघांनाही सारखे वागवले, असे होत नाही.

येथे कायद्यातील एक बारकावा समजून घेणे आवश्यक आहे, आणि माझ्या अनुभवात नव्या वैमानिक प्रतिनिधींना तो सर्वांत उशिरा उमगतो. अमेरिकेत विमान कंपन्यांचे कामगार संबंध १९२६ च्या रेल्वे श्रम कायद्याखाली येतात. १९३६ मध्ये तो हवाई क्षेत्राला लागू झाला. या कायद्याखाली करार संपत नाही, तो केवळ दुरुस्तीस खुला होतो. नवा करार होईपर्यंत जुनाच चालू राहतो. बोलणी फसली तर राष्ट्रीय मध्यस्थी मंडळाकडे जायचे, मंडळ मोकळीक देईपर्यंत थांबायचे, त्यानंतर ३० दिवसांचा शांतता काळ, आणि मग संपाचा हक्क. त्यावरही राष्ट्राध्यक्ष आपत्कालीन मंडळ नेमून संप थांबवू शकतात. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सुरू होताच काही मिनिटांत असाच थांबवला होता. परिणाम असा की ‘पाच वर्षांची’ कपात पाचव्या वर्षी आपोआप उठत नाही. २००३ चा तो करार २००८ मध्ये दुरुस्तीस खुला झाला, बोलणी चालूच राहिली, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये कंपनी शेवटी दिवाळखोरीत गेली तेव्हाही वैमानिक त्याच करारावर उडत होते. जी दिवाळखोरी टाळण्यासाठी कपात सोसली ती टळली नाहीच, फक्त पुढे गेली.

म्हणून माझा पहिला सल्ला नेहमी मुदतीविषयी असतो. सवलतीच्या करारात वेतन आपोआप पूर्ववत होण्याचे कलम हवे: अमुक तारखेला, किंवा अमुक नफा झाल्यावर, दर मूळ पातळीवर परत येतील, आणि त्यासाठी नवी वाटाघाट लागणार नाही. व्यवस्थापन या कलमाला जितका कडवा विरोध करते तितके ते कलम महत्त्वाचे असते. एका वाटाघाटीत आम्हाला सांगितले गेले की ‘तुम्ही विश्वास ठेवा, दिवस फिरले की आपण बसून बोलू’. त्याच कंपनीत अधिकाऱ्यांची स्वतःची वेतनकपात मात्र पूर्ववत होण्याच्या तारखेसह संचालक मंडळाच्या ठरावात लिहिलेली होती. ठराव मिळवून आम्ही तेच वाक्य आमच्या मसुद्यात शब्दशः घातले. त्यानंतर विश्वासाचा मुद्दा कोणी काढला नाही.

दुसरा सल्ला असा की पैसा आणि कामाची व्याप्ती यांत फरक करावा. वैमानिकांच्या करारात एक कलम असते ज्यान्वये कंपनीच्या नावाने होणारी उड्डाणे कोणी करायची हे ठरते, आणि स्वस्त दरात चालणाऱ्या प्रादेशिक कंपन्यांना किती आणि केवढी विमाने देता येतील यावर मर्यादा असते. अडचणीच्या काळात व्यवस्थापन ही मर्यादा सैल करायला सांगते, आणि वेतनकपात थोडी सौम्य करून दाखवते. हा सौदा मोहात पाडणारा असतो. परंतु वेतनाचे दर पुढे वाढवून घेता येतात, दुसऱ्या कंपनीकडे गेलेली विमाने सहसा परत येत नाहीत, कारण त्यांच्याभोवती दीर्घ मुदतीचे भाडेकरार आणि दुसऱ्या वैमानिकांच्या नोकऱ्या उभ्या राहिलेल्या असतात. निवड करावीच लागली, तर मी वेतनात अधिक देऊन व्याप्ती राखायला सांगतो. यावर संघटनांतच मतभेद होतात, कारण निवृत्तीला आलेल्या कॅप्टनला शेवटच्या काही वर्षांचे वेतन हवे असते आणि तरुण सहवैमानिकाला पुढची पंचवीस वर्षे.

अधिकाऱ्यांच्या मोबदल्याचा प्रश्न त्यानंतर, पण मतदानापूर्वी, लेखी विचारावा. मूळ वेतन किती हे विचारून फारसे हाती लागत नाही. टिकून राहण्याचे बोनस आहेत का, पूरक पेन्शनचा निधी कोठे आणि कोणाच्या नावे आहे, कंपनीची मालकी बदलली तर कोणाला काय मिळेल, दिवाळखोरीतून बाहेर पडताना व्यवस्थापनासाठी किती टक्के शेअर राखले जातील, हे विचारावे. युनायटेड २००६ मध्ये बाहेर पडली तेव्हा नव्या कंपनीचे ८ टक्के शेअर सुमारे ४०० व्यवस्थापकांसाठी ठेवले गेले. व्यवस्थापनाने आधी मागितलेले प्रमाण याहून मोठे होते आणि धनकोंच्या समितीशी बोलून ते खाली आले. म्हणजे हे आकडे वाटाघाटीने हलतात. अमेरिकेत दिवाळखोरी कायद्याच्या २००५ च्या सुधारणेनंतर दिवाळखोर कंपनीने आतल्या अधिकाऱ्यांना केवळ टिकून राहण्यासाठी बोनस देणे फार कठीण झाले आहे. त्याची जागा कामगिरीच्या बोनसांनी घेतली. म्हणून आता कामगिरीची उद्दिष्टे खरोखर कठीण आहेत की सहज गाठता येण्याजोगी, हे तपासावे लागते.

दिवाळखोरीच्या न्यायालयात हा प्रश्न भावनेचा राहत नाही, कायद्याचा होतो. कॉन्टिनेंटलने १९८३ मध्ये दिवाळखोरीचा आधार घेऊन करार झुगारले आणि वेतन निम्म्यावर आणले, त्यानंतर १९८४ मध्ये कायद्यात स्वतंत्र तरतूद आली. तिच्यानुसार कामगार करार रद्द करून हवा असेल तर कंपनीला दाखवावे लागते की मागितलेले बदल कंपनी सावरण्यासाठी आवश्यक आहेत आणि सर्व संबंधितांना न्याय्य रीतीने वागवले जात आहे. अधिकाऱ्यांनी किती झळ सोसली, हा मुद्दा वकील या दुसऱ्या अटीखाली मांडू शकतात. न्यायालय बहुधा कंपनीच्याच बाजूने कलते, हे मान्य केले पाहिजे. तरी या अटीच्या भीतीने बरेच काही न्यायालयाबाहेर मिळते.

याच्या उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. डेल्टाच्या वैमानिकांनी २००४ मध्ये ३२.५ टक्के आणि २००६ मध्ये आणखी १४ टक्के कपात स्वीकारली. आधीच्या व्यवस्थापनाच्या काळात तेथेही अधिकाऱ्यांच्या संरक्षित पेन्शनवरून मोठा क्षोभ झाला होता. पुढचे मुख्य कार्यकारी अधिकारी जेरल्ड ग्रिनस्टीन यांनी २००७ मध्ये कंपनी दिवाळखोरीतून बाहेर पडताना स्वतःसाठी शेअरचे बक्षीस घेतले नाही, आणि ती तरतूद कर्मचाऱ्यांच्या मदतीसाठी व शिष्यवृत्तींसाठी वळवली गेली. कर्मचाऱ्यांना शेअर मिळाले आणि नफ्यातील वाट्याची योजना सुरू झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये त्या योजनेतून १६० कोटी डॉलर वाटले गेले. ग्रिनस्टीन यांच्या त्यागाने वैमानिकांची कपात भरून निघाली असे मी म्हणणार नाही. पण पुढील वाटाघाटींचा सूर त्याने बदलला, आणि संघटनेला सभासदांसमोर ‘यांचे आकडे आम्ही तपासले आहेत, ते खरे आहेत’ असे सांगता आले. संघटनेच्या नेत्याला हे वाक्य उच्चारता येणे ही कंपनीची मोठी मालमत्ता असते.

आता संघटनांना अप्रिय वाटेल असे काही. बोनसवरचा राग कितीही रास्त असला, तरी सवलत द्यावी की नाही याचा निर्णय त्या रागावर घेऊ नये. ईस्टर्न एअरलाइन्समध्ये १९८९ मध्ये यंत्रकारांच्या संपाला वैमानिकांनी साथ दिली, त्यात फ्रँक लोरेंझो यांच्या व्यवस्थापनावरील अविश्वासाचा मोठा वाटा होता. तो अविश्वास निराधार नव्हता. तरीही जानेवारी १९९१ मध्ये कंपनी बंद पडली आणि सेवाज्येष्ठतेची ती सगळी यादी निरर्थक झाली. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक आजारपणाची रजा टाकून घरी बसले, कारण कंपनीने विकत घेतलेल्या रेनो एअरच्या वैमानिकांना कमी दराने उडवले जात होते. न्यायालयाच्या आदेशाकडे दुर्लक्ष झाल्याने संघटनेला सुमारे ४.५ कोटी डॉलरांचा दंड झाला. रेल्वे श्रम कायदा अशा आडमार्गांना फार थोडी जागा ठेवतो.

म्हणून मी दोन स्वतंत्र टिपणे तयार करतो. पहिल्यात फक्त रोकड: कंपनीकडे किती महिने पुरेल इतका पैसा आहे, कर्जाचे हप्ते केव्हा आहेत, गहाण न ठेवलेली विमाने किती उरली आहेत, सवलत न दिल्यास न्यायालय काय देववेल. दुसऱ्यात सवलतीच्या अटी, आणि अधिकाऱ्यांच्या मोबदल्याचा विषय येथे येतो. पहिल्या टिपणात कंपनी खरोखर संकटात दिसली, तर दुसऱ्यातील संताप सवलत नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. तो अधिक चांगल्या अटी मागण्याचे कारण होतो. पहिल्या टिपणात संकट दिसलेच नाही, तर दुसरे उघडण्याची गरज पडत नाही.

कंपनीला सरकारी मदत मिळत असेल तर हे चित्र थोडे बदलते, कारण मग अट घालणारा तिसरा पक्ष खोलीत येतो. २००१ च्या मदतीत आणि पुन्हा २०२० च्या वेतन साहाय्यात अमेरिकन काँग्रेसने वरच्या वेतनांवर मर्यादा घातल्या. २०२० मध्ये वर्षाला ४,२५,००० डॉलरांहून अधिक मिळवणाऱ्यांचे एकूण वेतन २०१९ च्या पातळीवर गोठवले गेले आणि ही मर्यादा १ एप्रिल २०२३ पर्यंत चालली. २०२३ मध्येच वैमानिकांची टंचाई असताना डेल्टामध्ये चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार झाला आणि इतर मोठ्या कंपन्यांत त्या पातळीचे किंवा त्याहून मोठे करार झाले. सवलतींच्या काळात गेलेले वेतन अशा तेजीत परत मिळू शकते. मात्र ज्यांचे शेवटचे दशक कपातीत गेले ते वैमानिक तोवर निवृत्त झालेले होते, आणि त्यांची पेन्शनची रक्कम कोणत्याही नव्या कराराने वाढली नाही.

शेवटी, आपल्यासमोर प्रत्यक्षात असा प्रस्ताव असेल तर एक तारीख मात्र जरूर तपासा. सूचीबद्ध कंपनीला आपला वार्षिक अहवाल आणि भागधारकांच्या सभेपूर्वीचे निवेदन ठरलेल्या मुदतीत दाखल करावे लागते, आणि अधिकाऱ्यांच्या मोबदल्याचा तपशील त्यांतच असतो. संघटनेच्या मतदानाची अंतिम तारीख हे दोन्ही दाखल होण्याच्या आधी पडत असेल, तर मतदान पुढे ढकलायला सांगा. कंपनीला तेवढे दिवस थांबणे खरोखर शक्य नसेल, तर तोच तपशील संघटनेच्या सल्लागारांना गोपनीयतेच्या करारावर आधी दाखवायला सांगा. यांपैकी काहीच मान्य होत नसेल, तर मी मतदानाची शिफारस करत नाही.